प्रतिकाराचे शिक्षण

एखादी अमानुष घटना घडते, मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात आणि पाठोपाठ कुठल्यातरी शाळेत वा महिला मंडळात स्वसंरक्षणाचा एक दिवसाचा वर्ग जाहीर होतो. रांगेत उभ्या असलेल्या मुली हवेत ठोसे मारतात, पाहुण्यांची भाषणे होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि दुसऱ्या दिवसापासून सारे पूर्ववत सुरू होते. या उपक्रमांची टिंगल करण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्यांतून नेमके काय साधते, हा प्रश्न आपण कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारला पाहिजे.

अशाच एका शिबिराला काही दिवसांपूर्वी उपस्थित राहण्याचा योग आला. प्रात्यक्षिके संपल्यावर मागे बसलेल्या एका घरकामगार बाईंनी विचारले, "हे सगळं रस्त्यावरच्या गुंडासाठी झालं. ज्याच्या घरी मी भांडी घासते, तोच अंगाशी आला तर? त्याला लाथ मारली, तर उद्या कामावर कशी जाऊ?" शिक्षक अनुभवी होते, पण त्यांच्यापाशी याचे उत्तर नव्हते. व्यासपीठावर बसलेल्या आम्हा मंडळींपाशीही नव्हते.

त्या बाईंच्या प्रश्नाने विषयाच्या मर्मावरच बोट ठेवले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत आले आहेत : बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात. म्हणजे खरा धोका अंधाऱ्या गल्लीतील अनोळखी माणसापेक्षा नातेवाईक, शेजारी, मुकादम, मालक यांच्याकडून अधिक असतो. आपले बहुतेक वर्ग मात्र त्या अनोळखी माणसाशीच झुंजायला शिकवतात.

ओळखीच्या माणसापुढे हात उचलण्याआधी मनाचा अडसर दूर व्हावा लागतो. "मोठ्यांना उलट बोलू नये", "चारचौघांत तमाशा नको", "नोकरी जाईल" या शिकवणुकीने जीभ बांधलेली असते. त्यात भीतीने शरीर गोठून जाणे ही नैसर्गिक प्रतिक्रिया असते. स्टॉकहोम येथील बलात्कारपीडितांच्या तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात निश्चल झाल्याचे सांगितले होते.

या निश्चलतेला संमती समजण्याचे पाप आपल्या न्यायव्यवस्थेनेही केले आहे. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, या मुद्द्याला महत्त्व देऊन सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. त्याविरुद्ध १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे तर कायद्यात स्पष्टपणे लिहिले जाण्यासाठी २०१३ साल उजाडावे लागले.

म्हणूनच स्वसंरक्षणाच्या शिक्षणावर स्त्री-चळवळीतून घेतला जाणारा आक्षेप गंभीरपणे ऐकला पाहिजे. जबाबदारी अत्याचार करणाऱ्याची आणि संरक्षण देण्यात कसूर करणाऱ्या शासनाची आहे, ती पुन्हा स्त्रीच्याच शिरावर टाकून "तू शिकली का नाहीस?" असे विचारण्याची ही नवी युक्ती तर नव्हे? आक्षेप बिनतोड आहे. पण त्यातून निघणारा "म्हणून शिकवूच नये" हा निष्कर्ष मला मान्य नाही. साक्षर नसलेल्याला सावकाराने लुबाडले तर दोष सावकाराचाच असतो. तरीही आपण रात्रशाळा चालवल्याच.

आणि नीट शिकवले तर उपयोग होतो, याला पुरावा आहे. कॅनडातील तीन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलींना केवळ माहितीपत्रके दिली, उरलेल्यांना बारा तासांचे शिक्षण दिले. पुढील वर्षभरात बलात्काराचे प्रमाण पहिल्या गटात ९.८ टक्के, तर दुसऱ्यात ५.२ टक्के आढळले. त्या बारा तासांत डावपेचांचा भाग थोडाच होता. ओळखीच्या माणसाचे वर्तन कुठे वळण घेते आहे हे वेळीच ओळखणे आणि विरोध करताना मनाला वाटणारा संकोच मोडणे, यावर मोठा भर होता. परदेशातील विद्यापीठाचा अनुभव आपल्या वस्तीला जसाच्या तसा लागू पडणार नाही हे उघड आहे. परंतु दिशा त्यातून निश्चित मिळते.

आपल्या वर्गातही "नाही" हा शब्द मोठ्याने उच्चारण्याचा सराव प्रथम व्हावा. मालक, दीर, मुकादम यांच्या भूमिका घेऊन प्रसंग उभे करावेत. मग मनगट सोडवताना पकडणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका द्यावा, तळहाताने नाकावर, गुडघ्याने जांघेत प्रहार करावा, अशा चार-पाच सोप्या गोष्टी आठवड्यामागून आठवडे घटवाव्यात. जिंकणे हे त्यांचे उद्दिष्ट नाही. सुटून पळणे हे आहे. आणि ज्या क्षणी शरीर गोठले, त्या क्षणाची लाज बाळगू नये, हेही त्याच वर्गात सांगितले गेले पाहिजे.

कायदाही शिकवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आत्मसंरक्षणाचा हक्क आहे. आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करू नये ही त्याची मर्यादाही आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगार स्त्रीलाही लागू आहे, तिच्यासाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि तक्रार सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत करावयाची असते, हे किती वस्त्यांत ठाऊक आहे?

तथापि त्या बाईंच्या प्रश्नाचे पुरते उत्तर डावपेचांत नाही आणि कलमांतही नाही. एकटीने काम सोडले तर ती उपाशी राहते. वस्तीतल्या साऱ्या जणींनी मिळून त्या घराचे काम नाकारले तर मालकाला उत्तर द्यावे लागते. म्हणून आपल्या शाखांनी हे वर्ग घरकामगारांच्या, ऊसतोड मजुरांच्या, रात्रपाळीच्या कामगार स्त्रियांच्या संघटनांमधून, विनामूल्य आणि नियमित चालवावेत. बंद पडलेला रस्त्यावरचा दिवा, रद्द झालेली शेवटची एस. टी. आणि कागदावरच राहिलेली स्थानिक समिती यांचा जाब विचारणे हाही त्याच शिक्षणाचा भाग मानावा. मुलगे आणि पुरुष यांना त्यातून वगळू नये.

या शिक्षणाची कसोटी एकच. ते घेतल्यावर मुलीचे घराबाहेर पडणे वाढले की तिच्यावरचा पहारा वाढला? पहारा वाढला असेल, तर आपण तिला भ्यायलाच शिकवले असे म्हणावे लागेल.