रोजा ठेवा, पण गोळी लपवू नका

रमजान लागला की आमच्या घरातली एक डबी कपाटात जायची, ती ईदनंतरच बाहेर यायची. अम्मीच्या शुगरच्या गोळ्यांची डबी. सकाळी नाश्त्याआधी एक आणि रात्री जेवणानंतर एक, असे चिठ्ठीवर लिहिलेले. रमजानमध्ये नाश्ताच नाही, मग सकाळची गोळी कधी घ्यायची? अम्मीने डॉक्टरांना विचारले नाही, त्यांनीही विषय काढला नाही. तिने आपल्यापुरता तोडगा काढला, महिनाभर गोळ्या बंद.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरच्यांनी तिला रागावलो. तेव्हा सहेरीला नुसता चहा पिऊन तिने गोळी घेतली. असरच्या नमाजला ती जानमाजवरच बसून राहिली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. साखरेचे पाणी पुढे केले तर म्हणाली, "आता तासाभराचा तर प्रश्न आहे, रोजा कशाला तोडू?"

अशा माणसाला आपण चटकन निष्काळजी म्हणतो. मला तसे वाटत नाही. चिठ्ठीवरचा दिवस आणि माणूस जगतो तो दिवस यांचा मेळ बसत नाही, हे खरे दुखणे आहे. आषाढी एकादशीला साबुदाण्यावर राहणारे काका, नवरात्रात नऊ दिवस उपवास करणाऱ्या शेजारच्या मावशी, गंगाखेड-पालमकडून ऊसतोडीला गेलेला मजूर, सगळ्यांची अडचण एकच. मजुराच्या गोळ्या फडात संपतात आणि दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. त्यात हा आजार दुखत नाही. बरे वाटतेय, मग गोळी कशाला, असे कुणालाही वाटते. विकसित देशांतही जुनाट आजारांचे जवळपास निम्मेच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2003 मध्येच नोंदवले होते.

रमजानमध्ये मात्र हे महागात पडू शकते. 2001 मध्ये 13 देशांतल्या 12 हजारांहून अधिक मधुमेहींची पाहणी झाली. टाइप 2 मधुमेह असलेल्या दर पाचांपैकी जवळजवळ चौघांनी निम्म्याहून अधिक महिना रोजे ठेवले होते. त्यांच्यात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रमाण एरवीच्या साडेसात पट झाले. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पोटात अन्न नसतानाही साखर उतरवतात. मेटफॉर्मिनमध्ये तो धोका बराच कमी असतो. म्हणून कोणती गोळी, किती आणि सहेरीला की इफ्तारला, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. शेजाऱ्याची चिठ्ठी आपल्याला लागू पडत नाही.

राहिला प्रश्न दीनचा. कुरआनच्या सूरह बकरामध्ये रोज्याच्या हुकमाबरोबरच आजारी माणसाला आणि मुसाफिराला सवलत दिली आहे. बरे झाल्यावर कजा रोजे ठेवावेत. ते कधीच शक्य नसेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे, हाच फिदया. ही सवलत अल्लाहने दिलेली आहे. ती घेणाऱ्याचा ईमान कमी ठरवणारे आपण कोण? बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, असा डॉक्टरांचा सल्ला आहे. इफ्तारला पाचच मिनिटे उरली असली तरी.

माझे मागणे मोठे नाही. इमामसाहेबांनी रमजानआधीच्या एका जुम्म्याला हे मिंबरवरून सांगावे. डॉक्टरांनी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, शाबानमध्येच विचारावे, "रोजे ठेवणार का?" एकादशीचा, नवरात्राचा उपवासही तसाच विचारावा. आणि घरच्यांनी रागावण्याऐवजी सोबत दवाखान्यात जावे.

यंदा अम्मीला घेऊन आम्ही शाबानमध्येच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळी बदलली, वेळा बदलल्या, काही रोजे सोडायला सांगितले. त्या रोज्यांचा फिदया ती स्वतःच्या हाताने देते. डबी आता दस्तरख्वानवर असते, खजुरांच्या ताटलीशेजारी.