मागे फिरलेला माणूस हरलेला नसतो



आज मी माझे मत लिहिणार आहे. पण त्याआधी एक चूक कबूल करते. मी वर्गात सांगितले होते की माझा मामा सायकलवरून लेहला जाऊन आला. ते खोटे होते. मामा लेहला पोचला नाही. तो अर्ध्या वाटेतून परत आला. मला लाज वाटली म्हणून मी खोटे बोलले. आता मला वाटते की लाज मामाची नव्हती, माझ्या खोट्याची होती.

माझा मामा अंगाने दणकट आहे. शंभर किलोचे पोते एकटा उचलतो. आमचा घाट तो सायकलवरून न उतरता चढतो. २०२४ सालच्या ऑगस्ट महिन्यात तो व त्याचे तीन मित्र मनालीहून लेहला सायकलने निघाले. जुन्या रस्त्याने हे अंतर सुमारे ४७० किलोमीटर आहे. वाटेत मोठमोठ्या खिंडी लागतात. त्यांना तिकडे 'ला' म्हणतात. पहिली रोहतांग खिंड ३,९७८ मीटर उंच आहे. पुढे बारालाचा ला सुमारे ४,९०० मीटर, आणि त्याच्यापुढे टांगलांग ला ५,३०० मीटरच्याही वर आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी टांगलांग ला वरच राहतो.

रोहतांग सगळे नीट चढले. केलाँग गावात मित्र म्हणाले, इथे दोन दिवस थांबू. मामा म्हणाला, "मला काय झालंय थांबायला? तुम्ही या मागनं हळूहळू." मग सगळेच निघाले. मामा सगळ्यांच्या पुढे झिंगझिंगबारला पोचला. तिथे प्रवाशांसाठी तंबू असतात. रात्री मामाचे डोके फुटल्यासारखे दुखू लागले. जेवण जाईना, उलट्या झाल्या. पहाटे उठून चालू लागला तर पाय भलतीकडेच पडू लागले. सरळ चालता येईना.

तेव्हा सर्वांत हळू सायकल चालवणारा मित्र म्हणाला, "आता वर जायचं नाही. आत्ताच्या आत्ता खाली." मामा त्याच्यावर लई ओरडला. पण त्याने ऐकले नाही. एक ट्रक थांबवून, दोन्ही सायकली टाकून, तो मामाला खाली केलाँगच्या दवाखान्यात घेऊन गेला. खाली येता येताच मामाचे डोके हलके झाले. बाकीचे दोघे सावकाश पुढे गेले व लेहला पोचले. खाली आलेल्या मित्राला मात्र लेह बघायला मिळाले नाही.

मामा गावी आला तेव्हा पारावरचे लोक म्हणाले, "काय पैलवान, निम्म्यातनंच परत व्हय?" सगळे हसले. मीही हसले. मामा काही बोलला नाही. दिवाळीत मी त्याला विचारले तेव्हा त्याने मला हे सगळे सांगितले.

आता मी हे असे का होते ते सांगते. बाईंनी मला समजावून सांगितले, ते मी माझ्या शब्दांत लिहिते. आमच्या घरी आजीच्या वाकळा एकावर एक रचलेल्या असतात. खालची वाकळ वरच्यांच्या वजनाने चेपून दाट होते. सगळ्यात वरची मात्र सैल फुगलेली असते. हवेचेही तसेच आहे. खाली हवा दाट, उंचावर विरळ. हवेत प्राणवायू सगळीकडे शंभरात सुमारे एकवीस भागच असतो. पण उंचावर हवाच विरळ, म्हणून एका श्वासात तो कमी येतो. साडेपाच हजार मीटरवर तर समुद्रकाठच्या जवळजवळ निम्माच मिळतो. त्यात सायकल चढावर मारायची म्हणजे जास्त प्राणवायू लागतो. मिळतो कमी आणि लागतो जास्त.

शरीर याची सवय करून घेते. आधी श्वास जोरात चालतो, मग रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. पण याला दिवस लागतात. ताकद असली म्हणून हे काम लवकर होत नाही. उलट ताकदवान माणूस भरभर चढतो आणि लवकर आजारी पडू शकतो.

म्हणून डॉक्टर लोकांनी एक नियम सांगितला आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोज झोपायची जागा कालच्यापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नसावी. आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. मी वजाबाकी करून पाहिली. केलाँग सुमारे ३,१०० मीटर, झिंगझिंगबार सुमारे ४,२०० मीटर. फरक १,१०० मीटर. ५००, ५०० आणि १००, म्हणजे तीन दिवस पाहिजेत. मामा एका दिवसात गेला. हे गणित चौथीच्या मुलालाही येते, पण घाईत मोठ्या माणसालाही सुचत नाही.

काही मुले म्हणतील, मग धाडस करूच नये का? तर तसे माझे मत नाही. धाडस जरूर करावे. पण आपल्या गावातले निवृत्त फौजी आजोबा सांगतात की, लष्करातल्या जवानांनाही लेहसारख्या ठिकाणी आधी सहा दिवस सवय करून घ्यावी लागते. मगच त्यांना आणखी वर पाठवतात. जवान काय भित्रे असतात? मुळीच नाही. मग आपण थांबलो तर आपणही भित्रे नाही.

दुसरे म्हणजे, डोके दुखले की लगेच सांगावे. लपवू नये. लोक हसतील म्हणून माणूस लपवतो, आणि लपवल्यामुळे जीव जाऊ शकतो. म्हणून मला वाटते की हसणाऱ्यांचाही यात दोष असतो. त्या दिवशी मीपण हसले, म्हणजे माझाही दोष आहे.

तिसरे, सोबत्याला एकटे सोडू नये. लेहला पोचलेल्या दोघांचे कौतुक झाले ते बरोबरच. पण माझ्या मते सर्वांत मोठे कौतुक त्या मागे फिरलेल्या मित्राचे व्हायला पाहिजे. त्याला लेह दिसले नाही, पण आम्हाला आमचा मामा परत मिळाला. माझी आई त्याला दर राखीपौर्णिमेला राखी बांधणार आहे.

मामा म्हणतो, "डोंगर कुठं जात न्हाई. पुन्हा जाईन, पण या खेपेला त्याच्या मागनं जाईन." मित्र हळू चालवतो ना, म्हणून.

आपल्या शाळेतली मुलेही घाटात सायकलवरून उतरतात. आपण त्यांना "उतरला रे उतरला" म्हणून चिडवतो. आपला घाट काही हिमालयाएवढा उंच नाही. पण चिडवायची सवय इथेच लागते. माझी सर्वांना विनंती आहे की उद्यापासून कोणी उतरला तर आपणही उतरावे आणि त्याच्यासोबत चालावे. मी तसे करणार आहे.

मामाची व तुमची सर्वांची मी माफी मागते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी