मधल्या रकान्यात खूण

वर्षाअखेरीला बंगळुरूतल्या आमच्या व्हाइटफील्डमध्ये दोन फॉर्म एकाच सुमारास येतात. एक ऑफिसच्या अप्रेझलचा, दुसरा गुलमर्गच्या सहलीचा. पहिल्यात स्वतःला पाचपैकी किती गुण देता ते विचारतात, दुसऱ्यात स्कीइंग कितपत येतं ते. भरणारी माणसं बहुतेक तीच. माझी तक्रार एवढीच, की ती दुसरा फॉर्मही पहिल्यासारखाच भरतात.

अप्रेझलमध्ये स्वतःला जरा चढवून लिहिणं ही लबाडी नाही, रीत आहे. आपण चार लिहायचे, मॅनेजर साडेतीन करणार, बेल कर्व्हवाले ते तीनवर आणून ठेवणार. बाजारात भाव पाडून मागतात, तसा इथे चढवून सांगायचा. प्रामाणिकपणे तीन लिहिणाऱ्याच्या पदरात दोन पडतात, हे मी टेस्टिंगच्या नोकरीत केस पांढरे होईपर्यंत पाहिलंय, आणि मॅनेजर म्हणून इतरांचे गुण कापलेही आहेत.

स्कीच्या भाड्याच्या दुकानात कापणारं कोणी नसतं. तुम्ही सांगाल ते खरं मानून माणूस कामाला लागतो.

ते काम बघण्यासारखं असतं. बूट आणि स्की यांना धरून ठेवणाऱ्या भागाला बाइंडिंग म्हणतात. त्यात चवड्याकडे एक आणि टाचेकडे एक अशा दोन स्प्रिंगा. स्क्रूड्रायव्हरनं पीळ दिला की ताण वाढतो आणि बारीकशा खिडकीतला आकडा सरकतो. हा आकडा ठरवायला युरोपातल्या दुकानांत वजन, उंची, वय आणि मिलिमीटरमध्ये बुटाच्या तळाची लांबी विचारतात. शेवटी विचारतात, तुम्ही कुठल्या प्रकारचे स्कीअर? प्रकार 1 म्हणजे जपून, सौम्य उतारावर, सावकाश. प्रकार 3 म्हणजे तीव्र उतारावर, वेगात. 2 मधला. वजन-उंचीवरून तक्त्यातली ओळ मिळते. 2 सांगितलंत की एक ओळ खाली, 3 सांगितलंत की दोन, म्हणजे ताण जास्त. पन्नाशी गाठली असेल तर उलट एक ओळ वर. (ही सवलत मला लागू झाली तेव्हा वाईट वाटलं, पण गुडघ्यांनी आनंदानं घेतली.)

चार गोष्टी मोजून किंवा कागदपत्रं बघून पडताळता येतात. पाचवी तुमच्या तोंडची. दुकानदारानं तुम्हाला बर्फावर पाहिलेलंच नसतं. तुम्ही चढवून सांगितलंत तर पडताना बूट वेळेत सुटत नाही, आणि लांबलचक स्की पायाला पिळत नेते. बाइंडिंग मुळात नडगी वाचवायला बनलेलं आहे. गुडघ्यातल्या लिगामेंटची खात्री ते नीट लावलेलं असतानाही देत नाही. गुलमर्गच्या दुकानांत मी असा तक्ता पाहिला नाही. ‘मॅडम, पहले किया है?’ एवढा प्रश्न, आणि त्यावरून स्क्रू. म्हणजे तुमच्या शब्दाला तिथे आणखीच वजन.

मग माणसं आपली पायरी ठरवतात कशावरून? बहुधा आजवर उतरलेल्या सगळ्यांत अवघड उतारावरून. इथल्या मर्सिडीजच्या संशोधन केंद्रातून कोणी श्टुटगार्टला जातो, एसएपीमधून कोणी वाल्डॉर्फला. शनिवार-रविवार जोडून ऑस्ट्रियात स्कीइंग होतं आणि परत आल्यावर ऐकू येतं, ‘मी रेड रन केलाय.’ केला म्हणजे काय, ते कोणी विचारत नाही. वळणं घेत, हवं तिथे थांबत केला, की आडवं घसरत, दोनदा बसून, बायकोची हाक ऐकू न आल्यासारखं करत केला? शिवाय निळा, लाल, काळा हे अवघडपणाचे चढते रंग त्या त्या डोंगरापुरते असतात. एका गावचा निळा दुसऱ्या गावच्या लालापेक्षा अवघड निघू शकतो. आणि युरोपात रात्री यंत्रं फिरवून उतार सारखा करून ठेवतात. गुलमर्गचा गंडोला कोंगडूरीवरून पुढे अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो, तिथला बहुतेक बर्फ पडला तसाच असतो. गुडघाभर भुसभुशीत बर्फात ऑस्ट्रियाचा रेड रन फारसा उपयोगी पडत नाही.

हे आपलंच वैशिष्ट्य आहे असं नाही. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं 1981 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांच्या ड्रायव्हिंगबद्दल विचारलं. कौशल्यात आपण वरच्या निम्म्यात आहोत असं अमेरिकेतल्या 93 टक्क्यांना आणि स्वीडनमधल्या 69 टक्क्यांना वाटत होतं. तरी गाडी ती माणसं चालवत होती. आमचा व्हाइटफील्डकर वर्षातून आठवडाभर बर्फावर उभा राहतो, आणि उरलेलं वर्ष त्या आठवड्याचे व्हिडिओ बघतो. व्हिडिओत पडल्याचा भाग नसतो.

उलटा प्रकारही होतो, आणि तो मला जास्त खटकतो. जोडपी एकत्र फॉर्म भरतात तेव्हा माझ्या पाहण्यात बहुधा नवराच दोघांचा भरतो. स्वतःला ‘इंटरमीडिएट’, तिला ‘बिगिनर’. दोघं एकाच वेळी, एकाच प्रशिक्षकाकडे शिकलेली असली तरी. ती बिचारी म्हणते, ‘असू दे हो, मला काय येतंय.’ मग ती दिवसभर गोल्फ कोर्सच्या बाजूच्या उतारावर ‘पिझ्झा, पिझ्झा’ ऐकत स्कीची टोकं जुळवत बसते. तिथे तिला शिकण्यासारखं काही उरलेलं नसतं. आणि ती वेगानं जाऊ लागली तर ढिलं बाइंडिंग भलत्या वेळी सुटण्याचा धोका आहेच. स्वतःला कमी सांगणं हा विनय नाही, तीही चुकीचीच माहिती.

ज्यांना खरंच पायरी जाणून घ्यायची आहे त्यांच्यासाठी मनालीच्या अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेत बेसिक, इंटरमीडिएट, ॲडव्हान्स असे रीतसर अभ्यासक्रम आहेत. तिथे पायरी दुसरा माणूस ठरवतो. स्पर्धेत तर घड्याळच ठरवतं. काश्मीरचा आरिफ खान 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलममध्ये 45 वा आला आणि स्लॅलम पूर्ण करू शकला नाही. दोन्ही गोष्टी त्याच्या नावावर छापील आहेत. आम्हा हौशी लोकांच्या नावावर काहीच छापील नसतं, म्हणून निदान प्रश्न तरी बरे विचारावेत.

आमच्या मराठी ग्रुपच्या फॉर्ममधून मी बिगिनर-इंटरमीडिएट-एक्स्पर्टचा रकाना काढायला लावला. आता विचारतो: दोन्ही बाजूंना वळता येतं का? समोर माणूस आला तर त्याच्या अलीकडे थांबता येतं का, दरवेळी? सकाळी कडक झालेल्या बर्फावर, धुक्यात उतरलायत का? दुपारी पाय थकल्यावर काय करता? उत्तरं ज्याची त्यानं लिहायची, नवऱ्यानं बायकोची नाही. ज्यांनी पूर्वी बिनदिक्कत मधल्या रकान्यात खूण केली असती, त्यांतल्या दोघांनी दुसऱ्या प्रश्नापुढे ‘बहुतेक वेळा’ असं लिहिलं. त्यांना पहिले दोन दिवस प्रशिक्षक दिला, त्यांनी कुरकुर केली, पण घेतला. वजनाच्या रकान्यावर मात्र अजून उपाय सापडलेला नाही. या वर्षी वजनकाटा घेऊन दारोदार फिरावं असा प्रस्ताव आहे. माझ्या बाजूनं एकच मत पडलंय, माझं.