शहर सोडणे आणि शहर राखणे

बंदराचे वैभव समुद्रावर अवलंबून असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सुरतेचा इतिहास पाहिला म्हणजे ती अपुरी ठरते. तापीच्या मुखाशी गाळ साचत गेला, १६८७ साली इंग्रज कंपनीने आपले मुख्य ठाणे मुंबईस हलविले आणि मोठी जहाजे सुरतेस दुरावली. तथापि शहर ओस पडले नाही. जरीचे काम टिकले, हातमागाच्या जोडीस यंत्रमाग आले, आणि आज जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू तेथेच पडतात. बंदर गेले, कसब आणि पत राहिली.

पत म्हणजे काय, हे सतराव्या शतकातील सुरतेचे जैन सावकार विरजी व्होरा यांच्या पेढीवर दिसत असे. इंग्रज कंपनीसारखी कंपनीही त्यांच्याकडून कर्ज घेई. १६६४ च्या जानेवारीत छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगलांची ही धनाढ्य पेठ लुटली, तेव्हा व्होरांचेही मोठे नुकसान झाले. तरी त्यांचा व्यवहार पुन्हा उभा राहिला.

परंतु पैशाहून मोठे बळ १६६९ साली प्रकट झाले. काझीच्या धार्मिक जाचास कंटाळून सुमारे ८,००० वाणी एकजुटीने सुरत सोडून भडोचला गेले. मागे राहिलेल्यांनीही महाजनाच्या आज्ञेवाचून दुकान उघडले नाही. टांकसाळ व जकातनाका थंडावला. अखेर बादशहाकडून अभय मिळाल्यावर डिसेंबरात मंडळी परतली.

याच शहरातून दुसरे प्रयाण १९९४ च्या सप्टेंबरात झाले. प्लेगच्या वार्तेने काही लाख माणसे मिळेल त्या गाडीने निघाली. कित्येक खासगी डॉक्टरांनीही दवाखान्यास कुलूप लावले. जिवाची भीती कोणास चुकली आहे? त्यासाठी कोणास दोष देणे योग्य नव्हे. पण पहिल्या वेळी समाज ठरवून निघाला होता. या वेळी जो तो आपापल्या वाटेने गेला. तुंबलेली गटारे, पुराने कुजलेली घाण आणि कामगारवस्त्यांची दैना कोणाच्याच खातेवहीत मांडलेली नव्हती. १९९५ मध्ये एस. आर. राव हे महापालिका आयुक्त झाले. त्यांनी झोपडीस व हॉटेलास एकच नियम लावला, आणि दोनेक वर्षांतच सुरतेची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली.

“आम्ही कर भरतो, पुढचे काम नगरपालिकेचे,” असे आपल्यापैकी काही बंधू म्हणतात. कर भरणे हे कर्तव्य खरेच, पण महाजनपद तेवढ्याने मिळत नाही. पांजरपोळातील मुक्या जनावराची चिंता वाहणाऱ्या समाजास आपल्या वखारीतील हमालाची खोली कशी आहे, हे ठाऊक नसावे, हे अहिंसेच्या उपासकांना शोभणारे नाही.

आमच्या बेळगावच्या पेठेस समुद्र नाही. पण कसब, पत आणि एकजूट या तिन्हींवरच तीही उभी आहे. म्हणून एक नम्र सूचना करावीशी वाटते. या स्मरणिकेच्या जाहिरातींच्या उत्पन्नातून एक ठरावीक वाटा दरवर्षी पेठेची स्वच्छता, पिण्याचे पाणी आणि हमाल-कामगारांची वैद्यकीय तपासणी यांसाठी काढून ठेवावा, आणि त्याचा हिशेब पुढील अंकात छापावा. संकट आल्यावर एकत्र कोठे जावे, हा प्रश्न मग कदाचित पडणारच नाही.