एका ओळीची सोय पुरेशी नाही

लिनक्स यंत्र चालू होताच एखादी स्क्रिप्ट आपोआप चालावी, यासाठीचा लोकप्रिय उपाय अजूनही एका ओळीचा आहे: क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत, ‘@रीबूट’ लिहायचे, पुढे स्क्रिप्टचा पत्ता द्यायचा, की झाले. ज्या कामावर कुणाच्या नोंदी अवलंबून आहेत, तिथे ही सोय टाळायला हवी. ‘@रीबूट’ म्हणजे यंत्र सज्ज झाल्यावर नव्हे, तर क्रॉन सुरू होताच. तोवर नेटवर्क जोडले गेले असेल, बाहेरची डिस्क माउंट झाली असेल, याची हमी नाही. बॅकअपची स्क्रिप्ट डिस्कच्या आधी धावली, तर माउंटसाठी ठेवलेल्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवरच, प्रती लिहीत बसते. वर चूकही दाखवत नाही. मग लोक सुरुवातीला ‘स्लीप ६०’ घालतात. हा निव्वळ अंदाज झाला. एखाद्या दिवशी डिस्कला ७० सेकंद लागतातच.

लेनार्ट पॉटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी २०१० साली मांडलेल्या सिस्टमडी या सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेत ‘आधी डिस्क, मग स्क्रिप्ट’ ही अट उघड लिहिता येते. सर्व्हिस फाइलमध्ये ‘रिक्वायर्स-माउंट्स-फॉर’ लिहून फोल्डरचा पत्ता दिला, की एफएसटॅब या माउंटच्या यादीत नोंदवलेली ती डिस्क लागल्याशिवाय स्क्रिप्ट चालत नाही. डिस्क लागलीच नाही, तर तशी नोंद सिस्टमडीच्या जर्नलमध्ये सापडते. दहाएक ओळींची फाइल लिहिण्याचा कंटाळा समजू शकतो, पण महिन्याभराचे बॅकअप नव्हतेच, हे ऐनवेळी कळणे त्याहून महाग पडते.

सिस्टमडी अवाढव्य झाली आहे, हा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. याच वादातून डेबियन या लिनक्स वितरणापासून डेव्हुआन वेगळे झाले. मार्च २०२४ मध्ये उघड झालेल्या एक्सझेड या फाइल-संक्षेप साधनातील चोरवाटेचा रोख काही वितरणांतल्या एसएसएचवर होता आणि तिथवरचा रस्ता सिस्टमडीच्याच लायब्ररीतून गेला होता. पण हा आक्षेप त्या प्रकल्पाच्या पसाऱ्यावर आहे, अट लिहून ठेवण्याच्या पद्धतीवर नाही. अल्पाइन आणि जेंटू वापरतात त्या ओपनआरसीतही कोणती सेवा कशावर अवलंबून आहे, हे लिहावेच लागते. घरच्या रास्पबेरी पायवर दिवा लुकलुकवायचा असेल, तर खुशाल क्रॉन वापरा. शाळा, पतसंस्था, ग्रंथालये यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी मात्र आपापला क्रॉनटॅब एकदा उघडावा आणि त्यातली ‘@रीबूट’ची प्रत्येक ओळ फसली तर ते कुणाला आणि कधी कळेल, हे तपासावे.