जाहीर आवाहन : पिल्लू घेण्याआधी त्याची आई पाहावी

चांगला ब्रीडर ओळखायचा तो पिल्लांच्या आईवरून. दीड-दोन महिन्यांचे कोणतेही पिल्लू गोंडसच दिसते, त्यामुळे त्याच्या दिसण्यावरून फारसे कळत नाही. आई मात्र बरेच सांगून जाते. पिल्ले अंगावर पीत असताना मादी थोडी उतरलेली असते, अनोळखी माणसावर भुंकतेही. ते स्वाभाविक आहे. पण बरगड्या मोजता येत असतील, अंगावर खरूज असेल, माणूस दिसताच ती कोपऱ्यात दबून बसत असेल, तर तिथले पिल्लू घेऊ नये. पिल्लू घेऊ इच्छिणाऱ्या सर्व नागरिकांना आवाहन आहे की, पिल्ले जिथे जन्मली तिथे स्वतः जावे आणि आईला पाहूनच निर्णय घ्यावा. नर बाहेरचा असू शकतो. आई मात्र पिल्लांजवळच असायला हवी. ‘ती गावी आहे’ हे उत्तर मान्य करू नये.

आईची काळजी ही केवळ ब्रीडरच्या मर्जीची गोष्ट नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० अंतर्गत श्वान प्रजनन व विक्रीचे नियम २०१७ मध्ये लागू झाले. त्यांनुसार प्रत्येक ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आणि नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. मादी दीड वर्षाहून मोठी व निरोगी असावी, तिला वर्षातून एकापेक्षा जास्त आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा विण्यास लावू नये, असेही हे नियम सांगतात. या मादीची आतापर्यंत किती बाळंतपणे झाली, हा प्रश्न म्हणूनच सरळ विचारावा. चांगला ब्रीडर नोंदवही उघडून दाखवतो.

बाजारात ‘४५ दिवसांचे पिल्लू’ सर्रास विकले जाते. नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. त्यामागे कारण आहे. आई आणि भावंडांच्या संगतीत पिल्लू खेळताना किती जोराने चावायचे हे शिकते. लवकर तोडलेली पिल्ले पुढे भित्री किंवा चावरी होण्याची शक्यता वाढते.

लसीकरणाबाबत तर हमखास फसवणूक होते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास देतात, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण चार महिन्यांपर्यंत चालतात, आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास येते. त्यामुळे दीड महिन्याच्या पिल्लाच्या ‘सगळ्या लसी झाल्या’ हे खरे असू शकत नाही. पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला बहुधा तीन ते सात दिवस लागतात. विकताना उड्या मारणारे पिल्लू घरी आल्यावर चौथ्या दिवशी उलट्या आणि रक्ताची हगवण होऊन दगावते, ते यामुळेच. लसीच्या कार्डावर बाटलीचे लेबल, तारीख आणि पशुवैद्यकाची सही-शिक्का असल्याची खात्री करावी. पिल्लू घेतल्यापासून दोन दिवसांत आपल्या पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावे आणि तोवर घरातल्या इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे.

काही दुखणी रक्तातून येतात. लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा हिप डिस्प्लेझिया हा विकार आढळतो. आईवडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे पाहायला मागावेत. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातीत आई शांत बसलेली असतानाही घरघरत असेल, तर पिल्लांनाही तोच त्रास होण्याची भीती असते.

कागदपत्रांत एक गल्लत नेहमी होते. केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र पिल्लाची वंशावळ सांगते. ब्रीडरची सरकारी नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे. दोन्ही स्वतंत्रपणे तपासावे. विक्रीआधी पिल्लाला मायक्रोचिप बसवलेली असणे आवश्यक आहे. पशुवैद्यकाकडच्या स्कॅनरवर तिचा क्रमांक कागदांशी जुळवून पाहावा. पावती, लसीचे कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा आणि खाण्याचे वेळापत्रक लेखी घ्यावे.

चांगला ब्रीडर स्वतःही प्रश्न विचारतो. घर केवढे, दिवसभर घरी कोण असते, फिरवायला कोण नेणार, हे जाणून घेतल्याशिवाय तो पिल्लू देत नाही. न जमल्यास ते परत घ्यायची तयारी दाखवतो. याउलट, एकाच ठिकाणी आठ-दहा जाती मिळणे, आगाऊ पैसे मागून पिल्लू पार्सलने पाठवणे, रस्त्यावर गाडीतूनच ते हातात देणे, ‘बिनकागदाचे स्वस्त देतो’ म्हणणे, यांपैकी काहीही दिसले तर व्यवहार तिथेच थांबवावा.

अशा ठिकाणी आजारी पिल्लू पाहून जीव कळवळतो आणि ‘निदान हे तरी वाचेल’ म्हणून लोक ते विकत घेतात. त्या पैशांतूनच आतल्या मादीवर पुढचे बाळंतपण लादले जाते. पिल्लू विकत घेण्याऐवजी ठिकाण, तारीख आणि शक्य तर छायाचित्रांसह राज्य प्राणी कल्याण मंडळ, जिल्ह्याचे पशुसंवर्धन कार्यालय किंवा पोलिसांकडे लेखी तक्रार करावी.

ज्या कुटुंबांना ठरावीक जातीचाच आग्रह नाही, त्यांनी आधी जवळच्या प्राणी निवाऱ्यात जावे. तिथे गावठी पिल्लांबरोबर मालकांनी सोडलेली जातिवंत कुत्रीही असतात. आपल्या हवेत रुळलेले गावठी कुत्रे घरात उत्तम राहते. पिल्लू कुठूनही आणले, तरी रेबीजची लस आणि महानगरपालिका क्षेत्रात श्वान परवाना वेळेवर घ्यावा, तसेच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नसबंदी करून घ्यावी.