ओट्यावरचं फडकं आणि माठातला पेला

ओट्यावर नळापाशी चुरगळून पडलेलं फडकं उचला आणि नाकाशी धरा. आंबूस वास आला तर ते आजच बदला.

दिवसभरात त्या एका फडक्यानं काय काय पुसलं जातं ते आठवून बघा. सकाळी उतू गेलेलं दूध, मग भाजीचं पाणी, दुपारी कोंबडीचं किंवा मासळीचं रक्त, मधेच गरम पातेलं उतरवायला तेच, आणि रात्री जेवायची ताटंही त्यानंच कोरडी करायची. ओल, अन्नाचे कण आणि घरातली ऊब, एवढं मिळालं की काही जिवाणू वीस-वीस मिनिटांनी दुप्पट होत जातात. रात्री ओलंच टाकलेलं फडकं सकाळी फिरवलं की ओटा लख्ख दिसतो खरा, पण एका कोपऱ्यातली घाण सगळीकडे लागते.

याला खर्च काही नाही. जुन्या सुती साडीचे सात-आठ तुकडे करा. ओट्याचं वेगळं, भांड्यांचं वेगळं. कच्च्या मांस-मासळीला लागलेला तुकडा परत ओट्यावर ठेवूच नका, थेट धुवायला टाका. रोज रात्री फडकी साबणानं धुवा, पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा आणि पसरून वाळत घाला. नळावर घडी करून टाकलेलं फडकं आतून ओलंच राहतं. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा पंख्याखाली वाळवा, वर इस्त्री फिरवा.

आता पाणी. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते, आपण पाणी गाळतो, उकळतो, मेडिक्लोर या क्लोरीनच्या औषधाचे थेंब घालतो. मग ते माठात भरतो आणि खेळून आलेलं पोर बोटांसकट पेला आत बुडवतं. एवढी मेहनत त्या क्षणी वाया जाते. गॅस्ट्रो, टायफॉइड, कावीळ यांचे जंतू विहिरीतूनच यायला हवेत असं नाही, ते बोटांवरूनही येतात. लांब दांड्याचं ओगराळं घ्या आणि ते खाली न ठेवता खिळ्याला टांगा. तोटीचा माठ मिळाला तर फारच उत्तम, पण आठवड्यातून एकदा तोटीही घासा.

हातांबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. १८४७ साली व्हिएन्नाच्या एका इस्पितळात डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतपणं करायला येत. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तिथल्या बाळंतपणाच्या विभागातल्या शंभरातल्या सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि जूनपर्यंत हे प्रमाण दोनाच्या आसपास आलं. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा सिद्धही झालं नव्हतं.

आपल्याकडे तान्ह्या बाळाची शी निर्मळ मानतात. तसं नाही. तिच्यातूनही रोग पसरतात. बाळाला धुतल्यावर नुसते हात खंगाळून कणीक मळायला घेऊ नका. साबण लावून वीस सेकंद चोळा, बोटांच्या बेचक्यात आणि नखांखालीही. मळलेल्या हाताला सॅनिटायझर पुरत नाही. आणि पुरुषांनो, हे फक्त बायकांसाठी नाही. ताटावर बसण्याआधी तुम्हीही उठून हात धुवा.

टॉवेल ज्याचा त्याचा वेगळा असावा. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी-पुणे भागात डोळ्यांची मोठी साथ आली होती. घरात एकाचे डोळे आले की तोच टॉवेल, तीच उशी वापरून दुसऱ्याचे येतात. मोबाइल संडासात नेऊ नका. थुंकी लावून नोटा मोजू नका.

साबण दिसला तर हात धुतले जातात, म्हणून संडासाबाहेर, मोरीत आणि बेसिनपाशी एकेक वडी कायम असू द्या. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना आल्या-आल्या हात धुवायला साबण आणि पुसायला कोरडा, धुतलेला पंचा द्या. त्या दिवसभरात तीन-चार घरांची भांडी हाताळतात. तुमच्या घरातलं दुखणं त्यांच्या लेकरांपर्यंत जाऊ नये, याचीही काळजी आपणच घ्यायची आहे.